मूल अंगावर धावून येतं तेव्हा काय करायचं? लहान वर्गांच्या नव्या शिक्षकांसाठी

लहान वर्गावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पाठ टाचण काढता येतं, हजेरी भरता येते, गाणी-गोष्टी घेता येतात. पण सहा वर्षांच्या मुलाने तुमच्या दंडाला कडकडून चावा घेतला तर हात मागे ओढायचा की नाही? त्याने खुर्ची भिरकावली तर आधी त्याच्याकडे धावायचं की बाकीच्या मुलांकडे? याची उत्तरं बहुतेकांना दंडावर वळ उठल्यावरच कळतात. ती आधी हाताशी असावीत म्हणून हे लिहितेय. मी अशा वर्गांवर बरीच वर्षं शिकवलंय. इथे तीन ते दहा वर्षांच्या मुलांपुरतंच बोलते. त्यापुढच्या वयात ताकद वेगळी आणि मामलाही वेगळा.

१. आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा

मूल हात उगारून आलं की त्या घडीला तुमचं काम एकच: कुणालाही इजा होऊ द्यायची नाही. त्याला नाही, इतर मुलांना नाही, तुम्हालाही नाही. समज, माफी, शिक्षा, पालकांना निरोप हे सगळं नंतर. आपण तेव्हाच धडा शिकवायला जातो. मग आवाज चढतो, आपण दोन पावलं पुढे जातो, आणि फटका बसतो तो त्याच दोन पावलांत.

दुसरं, हे मूल 'गुंड' आहे असं मनात धरू नका. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड त्रांब्ले यांनी मुलांना वर्षानुवर्षं पाहून दाखवून दिलं की मारणं, चावणं, ढकलणं हे साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं. पुढे बोलता येऊ लागतं, थांबता येऊ लागतं, तसं बहुतेक मुलांत ते ओसरतं. म्हणजे मारायला कुणी शिकवावं लागत नाही, न मारायला शिकावं लागतं. काही मुलांचं ते शिकणं मागे राहिलेलं असतं.

२. वर्ग आणि स्वतःचा अवतार

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते पहिल्याच आठवड्यात करा.

- लांब कानातले, गळ्यातली साखळी, मोकळे केस नकोत. ओळखपत्राची दोरी ओढल्यावर सुटणारी असावी, नाहीतर खिशाला लावायचा बिल्ला बरा. पायात घट्ट बसणारे, न घसरणारे बूट किंवा चप्पल. नखं कापलेली.
- कात्र्या, कर्कटक, स्टेपलर, काचेच्या वस्तू बंद कपाटात. टेबलावरचा जड पेपरवेट कशाला हवाय, हे एकदा स्वतःला विचारा.
- भडकणारं मूल दारापासून लांबच्या कोपऱ्यात कधीही बसवू नका. त्याला बाहेर पडायला वाट हवी आणि बाकीच्यांनाही. तुमची जागा अशी हवी की दार तुमच्या पाठीशी बंद होणार नाही.
- वर्गाबाहेर किंवा वर्गातच एक शांत जागा ठरवा: चटई, उशी, चुरगळायला कागद. ही शिक्षेची जागा नाही. 'जा तिकडे बस' असं रागाने एकदा जरी म्हणालात तरी ती जागा कामातून गेली.
- शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांशी खुणेचा शब्द ठरवा. 'निळी वही द्या' असा निरोप घेऊन एखादं मूल आलं की याचा अर्थ 'ताबडतोब या'. मोबाइलवर भरवसा ठेवू नका. तो नेमका पर्समध्ये असतो.
- आपल्या शाळेचे, मंडळाचे आणि देशाचे नियम लेखी मागून घ्या: मुलाला हात लावण्याबाबत काय म्हटलंय, इजा झाली तर कुणाला कळवायचं, किती वेळात. तोंडी 'आपल्याकडे असं चालतं' यावर विसंबू नका.

३. भडका उडण्याआधीची खूण शोधा

'अचानक मारलं' असं आपण म्हणतो. अचानक क्वचितच असतं. मुलांच्या वर्तनाचे अभ्यासक जेफ कोल्व्हिन यांनी वर्गातल्या अशा भडक्याचे सात टप्पे मांडलेत: शांत, ठिणगी, चुळबुळ, चढ, शिखर, उतार, सावरणं. शिक्षकाच्या हातात सगळ्यात जास्त असतं ते ठिणगी आणि चुळबुळ या दोन टप्प्यांत. शिखरावर गेल्यावर हातात फक्त सुरक्षितता उरते.

चुळबूळ प्रत्येक मुलाची वेगळी. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तो मारायच्या आधी खडूरंगावरचा कागद सोलायला लागायचा. आधी एका खडूचा, मग दुसऱ्याचा. नजर वहीत, पण हात थांबायचे नाहीत. मग कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्यानंतर शेजाऱ्याचा कोपर त्याला नुसता लागला तरी पुरे. कागद सोलताना पाहिलं की मी त्याला हजेरीपत्रक देऊन दुसऱ्या वर्गात पोचवायला सांगायचे. पाच मिनिटं चालून आला की निभावून जायचं. दोन आठवडे नुसतं पाहत राहा, तुमच्या वर्गातल्या मुलाचीही अशी खूण सापडेल: पुटपुटणं, मुठी आवळणं, बाकाखाली जाणं, एकदम फार हसणं.

चुळबूळ दिसली की काय करायचं?

- बाजूने जा, समोरून नको. खाली वाका किंवा बसा. वर उभं राहून बोलणाऱ्या मोठ्या माणसाचा धाक वाटतो.
- काम हलकं करा. 'पाच ओळी' ऐवजी 'ही एक ओळ, मग मला दाखव.'
- दोनच पर्याय द्या, दोन्ही तुम्हाला चालणारे: 'इथे बसून करतोस की खिडकीपाशी?'
- सगळ्यांसमोर नाव घेऊन टोकू नका. चाळीस डोळे वळले की माघार घेणं त्याला अवघड जातं.

४. प्रत्यक्ष प्रसंग: क्रम असा ठेवा

पहिलं काम, बाकीची मुलं बाहेर काढा. भडकलेल्या मुलाला बाहेर काढायला जाऊ नका. ओढाताण तिथेच होते, आणि इजाही तिथेच. वर्गाला हे आधी शिकवून ठेवा: तुम्ही ठरलेला शब्द म्हणालात की सगळे वह्या तिथेच टाकून शेजारच्या वर्गात रांगेने जातात. आग लागल्यावर बाहेर पडायचा सराव करतो तसाच, खेळीमेळीत, महिन्यातून एकदा. कुणाचं नाव न घेता.

दुसरं, खुणेचा निरोप पाठवा. एकट्याने निभावून नेण्यात काही मोठेपणा नाही. दुसरा मोठा माणूस आला की एकच जण बोलतो. दुसरा नुसता पाहतो, वस्तू बाजूला करतो, आणि नंतर साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो. दोघं दोन बाजूंनी 'शांत हो, शांत हो' करू लागले की मूल आणखी बिथरतं.

तिसरं, अंतर. त्याचा हात आणि पाय पोचणार नाही इतकं लांब. छातीसमोर न राहता किंचित तिरके उभे राहा, एक पाय मागे. हात मोकळे, उघडे, पोटाच्या उंचीवर. ते दिसतात शांत आणि गरज पडली तर चेहरा झाकायला तयार असतात. हाताची घडी नको, कमरेवर हात नको, बोट तर अजिबात नको.

चौथं, शब्द कमी. 'मी इथे आहे. तुला कुणी मारणार नाही. बसावंसं वाटलं तर खाली बस.' एवढं बोलून गप्प. पुन्हा बोलायचं तर तेच शब्द, त्याच आवाजात. 'का मारलंस?' हा प्रश्न तर विचारूच नका. त्या क्षणी त्याचं उत्तर त्यालाही ठाऊक नसतं, आणि प्रश्न त्याला आरोपासारखा लागतो. धमकीही नको: 'थांब, आईला बोलावते', 'उद्यापासून शाळेत येऊ नकोस'.

वस्तू भिरकावत असेल तर वस्तू हिसकावू नका. शक्य तेवढ्या त्याच्या आवाक्याबाहेर सरकवा आणि दप्तर किंवा पातळ गादी ढालीसारखी धरून थांबा. वह्या फाटल्या तर फाटू द्या. पळून गेलं तर अंतर ठेवून मागे जा, नजरेआड होऊ देऊ नका, पाठलाग करतोय असं वाटू देऊ नका. फाटकाकडे दुसरा माणूस आधी पोचायला हवा.

मूल स्वतःचंच डोकं भिंतीवर किंवा फरशीवर आपटत असेल तर मध्ये उशी, दप्तर, घडी घातलेलं जाकीट सरकवा. डोकं दाबून धरू नका.

आणि कुणालाही चित्रण करू देऊ नका. पुरावा म्हणून काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर फिरतो, आणि एका सहा वर्षांच्या मुलाची ती कायमची ओळख होऊन बसते.

५. पकडीतून सुटायचं कसं

*चावा.* हात मागे ओढू नका. ओढल्यावर कातडी फाटते. उलट चावा घेतलेला भाग हलकेच त्याच्या तोंडाच्या दिशेने सरकवा, जबडा सैल पडतो, मग हात काढा. नाक दाबायचं नाही. दाताने कातडी फुटली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने काही मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. माणसाच्या चाव्यात जंतुसंसर्ग लवकर होतो. धनुर्वात आणि कावीळ-बीच्या लसीबद्दलही विचारा. चावा दुसऱ्या विद्यार्थ्याला घेतला असेल तर दोन्ही मुलांच्या घरी कळवायला हवं, कारण रक्त चावणाऱ्याच्याही तोंडात गेलेलं असतं.

*केस.* त्याची मूठ तुमच्या तळहाताने स्वतःच्या डोक्यावर दाबून धरा. केस मुळाशी ताणले जात नाहीत आणि दुखणं कमी होतं. त्याच्याच दिशेने झुका, थांबा, दुसऱ्याला बोटं सोडवू द्या. बोटं मागे पिळायची नाहीत.

*मनगट किंवा बाही.* पकडीतली कच्ची जागा म्हणजे अंगठा आणि बोटं जिथे भेटतात ती. तिकडून हात फिरवून काढा.

हे तीनही प्रकार सहकाऱ्याबरोबर दोन-चार वेळा हळूहळू करून पाहा. ऐन वेळी वाचलेलं आठवत नाही, हाताला सवय असली तरच जमतं.

६. धरावं की धरू नये?

इथे मी जरा कडक आहे. मुलाला धरून ठेवणं हा शेवटचा उपाय. कुणाला तरी त्याच क्षणी गंभीर इजा होणार असेल तरच तो करायचा: मूल रस्त्यावर धावतंय, हातात कात्री घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यावर येतंय. वही फाडतंय, शिव्या देतंय, ऐकत नाहीये, ही कारणं नव्हेत. शिवाय धरायचं कसं याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेल्यानेच धरावं. लेख वाचून ते येत नाही, म्हणून मी पकडी इथे सांगत नाही. काय करू नये ते मात्र सांगते:

- पालथं पाडून दाबायचं नाही. अंगावर बसायचं नाही. छाती, पोट, मान, तोंड यांवर जोर द्यायचा नाही. श्वास कोंडतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ साली शाळांमध्ये मुलांना जखडण्या-कोंडण्याबद्दल जो अहवाल दिला, त्यात आधीच्या दोन दशकांतल्या छळाच्या आणि मृत्यूच्या शेकडो तक्रारी समोर आल्या होत्या.
- 'श्वास येत नाही' असं मूल म्हणालं की त्या सेकंदाला सोडायचं. 'बोलतोयस म्हणजे येतोय श्वास' हा युक्तिवाद जिवावर बेततो.
- हाताला धरून ओढायचं नाही, उचलायचंही नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत एका झटक्याने कोपरातलं हाड जागेवरून सरकतं. मूल रडतं आणि तो हात लटकता ठेवतं. असं दिसलं तर दवाखाना.
- खोलीत एकटं कोंडून कडी लावायची नाही. खुर्चीला बांधायचं नाही.
- परत मारायचं नाही, चिमटा नाही, 'चावल्यावर कसं वाटतं ते कळू दे' म्हणून चावायचं नाही. हा सल्ला अजूनही कुणीतरी मोठ्या प्रेमाने देतं.

७. शांत झाल्यावर घाई नको

रडणं थांबलं म्हणजे मूल सावरलं असं नाही. उतारावर असताना कुणी 'आता सॉरी म्हण बघू' म्हणालं की पुन्हा पेटतं, आणि दुसरा भडका पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो. पाणी द्या, जवळ पण गप्प बसा, सोपं हाताचं काम द्या: रंग लावणे, मणी वेगळे करणे. श्वास, चेहऱ्याचा रंग, आवाज नेहमीसारखा झाला की मगच बोला. बोलणं दोन-तीन मिनिटांचं. 'तुला लिहायचं नव्हतं. तू त्याला मारलंस. त्याला लागलं. पुढच्या वेळी ही लाल कागदाची पट्टी मला दाखव, मी येईन.' मग बिघडवलेलं नीट करायला लावा: पडलेल्या खुर्च्या दोघांनी मिळून उचलायच्या. जबरीच्या माफीपेक्षा हे बरं.

बाकीच्या मुलांना विसरू नका. ती घाबरलेली असतात. त्यांना एवढंच सांगा: 'मघाशी भीती वाटली ना? तुम्ही सगळे सुखरूप आहात. त्याला मदत लागते आणि ती मोठी माणसं करताहेत.' मार बसलेल्या मुलाला आधी भेटा. मारणाऱ्याकडेच सगळे धावतात, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं. कुणाच्या डोक्याला मार लागला असेल आणि उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय.

८. त्याच दिवशी लिहून ठेवा

घरी जायच्या आधी. दुसऱ्या दिवशी आठवण आपल्या सोयीची होते. एक साधी वही करा, तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय मिळालं. नमुना:

*गुरुवार, ११:४० ते ११:५२. आधी: फळ्यावरचं उतरवायला सांगितलं, शेजाऱ्याने वही ओढली. केलं: शेजाऱ्याच्या पाठीत दोन गुद्दे, पेन्सिल फेकली, माझ्या डाव्या नडगीवर लाथ. नंतर: वर्ग बाहेर नेला, मूल चटईवर, लिखाण राहिलं. इजा: शेजाऱ्याला लाली, माझ्या नडगीवर सूज. उपस्थित: दुसरीचे शिक्षक.*

'उद्धट', 'मुद्दाम', 'नाटकी' असे शब्द त्यात नकोत. डोळ्यांना दिसलं तेवढंच. इजेचा फोटो काढायचा तर फक्त इजेचा, चेहरा नको.

हाताशी ठेवायचे कागद:

- प्रसंगवही, वर सांगितल्याप्रमाणे
- इजा नोंद फॉर्म (शरीराच्या आकृतीसह असेल तर उत्तम) आणि दवाखान्याचे कागद
- शाळेच्या नियमांची प्रत
- मुलाची आरोग्य माहिती: फिट येते का, दमा आहे का, कोणती औषधं चालू आहेत, पालकांचे दोन फोन नंबर
- मुख्याध्यापकांना दिलेल्या प्रत्येक पत्राची पोच

९. वही वाचून कारण शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दहा-बारा नोंदी झाल्या की वही घेऊन बसा आणि 'नंतर' हा रकाना वरून खाली वाचा. मुलाला दर वेळी काय मिळालं? साधारण चारांपैकी एक सापडतं: कुणाचं तरी लक्ष, हवी असलेली वस्तू, नकोशा कामातून सुटका, किंवा शरीरालाच मिळणारा दिलासा, कारण आवाज, गर्दी, स्पर्श सहन होत नाही.

वरचा नमुना पुन्हा पाहा. लिखाण राहिलं. दर नोंदीत लिखाणच राहत असेल तर मूल लिखाणापासून पळतंय, आणि 'मारलंस ना, मग वर्गाबाहेर जा' ही शिक्षा म्हणजे त्याला मिळालेलं बक्षीस! अशा मुलाचं काम छोटं करायचं आणि 'मला थांबायचंय' हे सांगायची सोपी वाट द्यायची. बोलून नसेल तर पट्टी दाखवून. पट्टी दाखवली की पहिले काही दिवस दर वेळी, लगेच सुट्टी द्या, अगदी दोन मिनिटांची. मारण्यापेक्षा पट्टी लवकर फळते हे एकदा त्याला कळायला हवं. मग हळूहळू 'आधी एक शब्द, मग सुट्टी' असं वाढवत न्या.

इथे बरेच जण फसतात. जुनी वाट बंद केली की मारणं काही दिवस वाढू शकतं. पूर्वी चालायचं ते का चालेना, म्हणून मूल आणखी जोर लावून पाहतं. उपाय फसला असं समजून नेमकं याच वेळी आपण हात टेकतो. मग 'जास्त जोरात मारलं की चालतं' एवढंच ते शिकतं. म्हणून नवी पद्धत सुरू करताना दुसरा माणूस हाताशी आहे ना, हे पाहून सुरुवात करा.

वहीत काहीच सूत्र सापडत नसेल तर शरीराकडे वळा. कान दुखणं, दात, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, बोलायला उशीर. मोठा माणूस 'दुखतंय' म्हणतो, लहान मूल चावतं. अंगावर न सांगता येणारे वळ, एखाद्या माणसाची भीती, घरी जायला नकार दिसला तर मुलाची उलटतपासणी करू नका. शाळेतल्या बालसंरक्षणाच्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी लेखी कळवा.

१०. पालकांशी बोलताना

पहिला फोन मारामारीचा नसावा. आधी कधीतरी चांगल्या गोष्टीसाठी फोन केलेला असला की हा फोन सोपा जातो. दारात, इतर पालकांसमोर कधीच नाही. वाक्यं अशी: 'आज ११:४० ला असं झालं. तो आता ठीक आहे. आम्ही हे केलं. घरी लिहायला बसवल्यावर काय होतं? तो शांत कशाने होतो?' शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या, पालकांना बरंच ठाऊक असतं. 'घरी नीट वळण लावा' म्हणालात तर बहुधा घरी मार बसेल, आणि उद्या तो मार तुमच्या वर्गात उतरेल. मार बसलेल्या मुलाच्या पालकांना काय झालं आणि शाळा काय करतेय ते सांगा. दुसऱ्या मुलाचं नाव आणि त्याच्या अडचणी सांगू नका, कितीही आग्रह झाला तरी.

११. तुमचं काय

मार खाऊन पुढच्या तासाला हसत उभं राहायची सक्ती नाही. दहा मिनिटं कुणाला तरी वर्ग सांभाळायला सांगा, पाणी प्या, हात थरथरायचे थांबू द्या. 'लहान मूल आहे, त्याला काय कळतंय' असं म्हणून स्वतःची इजा नोंदवायची टाळू नका. तुमच्या नोंदीशिवाय वर्गाला मदतनीस मिळत नाही.

पुन्हा पुन्हा घडत असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. तक्रारीचा सूर नको, मागण्या नेमक्या हव्यात: प्रसंगवहीची प्रत सोबत जोडली आहे. सकाळच्या दोन तासांना दुसरा माणूस हवा. पालक, समुपदेशक किंवा विशेष शिक्षक आणि मी अशी बैठक हवी. सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण हवं. सहा आठवड्यांनी आढावा. 'बघू' असं उत्तर आलं तर आठवडाभराने पहिल्या अर्जाचा दिनांक घालून स्मरणपत्र द्या, आणि त्याचीही पोच घ्या.